कॉइल शॉक: स्प्रिंग बदलली तरी मागून दणका बसतोच, तेव्हा

तक्रार दर वर्षी तीच असते, फक्त गाव बदलतं. माउंटन बाइकचा एअर शॉक, म्हणजे मागचे धक्के हवेवर झेलणारा दांडा, काढून स्प्रिंगवाला कॉइल शॉक बसवला. पहिल्याच राइडला मागचं चाक जमीन धरून चाललं, सगळे खूश. मग एखाद्या पाखाडीच्या (गावातल्या चिऱ्याच्या पायऱ्यांच्या वाटेच्या) शेवटच्या टप्प्यावर किंवा गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) खाली उतरताना मागून दणका. कुणीतरी सांगितलं, स्प्रिंग मऊ पडतेय. ४५० ची (एक इंच दाबायला ४५० पौंड लागणारी) काढून ५०० ची घातली. दणका थोडा कमी झाला, पण कातळावर कंबर बोलायला लागली. मग ५५०. आता सायकल सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नुसती थडथडते, मागचं चाक वळणात निसटतं, आणि मोठ्या उडीला दणका आहे तो आहेच. मालवणकडच्या एका दोस्ताच्या शब्दांत, "पैशे गेले आणि दणको तसोच."

यात स्प्रिंगचा दोष फार थोडा असतो. तुम्ही सायकलवर उभे राहिलात की मागचं सस्पेन्शन किती दबावं, हे ठरवायला स्प्रिंग निवडायची. शॉक तळाला आपटू नये ही जबाबदारी मुख्यतः फ्रेमच्या रचनेची आणि शॉकच्या आतल्या तेलाच्या डँपिंगची, म्हणजे हालचाल धीमी करणाऱ्या विरोधाची. ती स्प्रिंगच्या गळ्यात मारली की वरचं चक्र सुरू होतं. हिशेब पुढे मांडतोच, पण त्याआधी दणका नक्की कुठून येतो ते बघावं लागेल. पुष्कळदा तो शॉकचा नसतोच.

दणका कसला आहे ते आधी ओळखा

सगळ्यात स्वस्त कारण टायर. मागच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर जांभ्याच्या कडेवर रिम थेट आपटते. आवाज टणकन येतो, धातूचा. घरी आल्यावर रिमच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा. कुठे चपटा खळगा लागला तर शॉकला हातही लावू नका, हवा दोन-तीन पीएसआयने वाढवून तीच जागा पुन्हा उतरून बघा. जाड टायर घातला असेल आणि सीट ट्यूबच्या मागच्या बाजूला काळा पट्टा उमटलेला दिसला, तर पूर्ण दबल्यावर टायर फ्रेमला घासतोय. तोही वेगळाच आजार.

दुसरं, बुश, म्हणजे शॉकच्या टोकांच्या भोकांत बसणारी कडी. सायकल जमिनीवर उभी ठेवा, एका हाताने सीट धरून हळूच वर उचला, चाक जमिनीवरून सुटायच्या आत थांबा आणि पुन्हा सोडा. त्याच वेळी दुसऱ्या हाताचं बोट शॉकचा डोळा (टोकाचं भोक) आणि फ्रेमचा कान (जिथे तो बोल्टने जोडतात) यांच्या सांध्यावर ठेवा. कानाला ऐकू येणार नाही, पण बोटाला 'टिक' लागेल. वरच्या आणि खालच्या दोन्ही डोळ्यांशी असं बघा, मग लिंकच्या (शॉक आणि मागचा भाग जोडणाऱ्या दांडीच्या) बेअरिंगशी. खेळ असेल तर प्रत्येक खड्ड्यात ठक्ठक् येणार, आणि राइडरला वाटणार शॉक तळाला जातोय. बुश ही काही शे रुपयांची वस्तू आहे. मात्र तिच्यात बसणाऱ्या हार्डवेअरची रुंदी आणि बोल्टची जाडी फ्रेमप्रमाणे बदलते, तेव्हा कॅलिपरने मोजूनच मागवा.

तिसरं कारण कमी लोकांना माहीत असतं आणि तेच सगळ्यात घातक. स्प्रिंगलाही शॉकसारखा स्वतःचा स्ट्रोक, म्हणजे ती जास्तीत जास्त किती दबू शकते ते अंतर, असतो. तिच्या अंगावर दोन आकडे छापलेले असतात, पहिला ताकदीचा, दुसरा स्ट्रोकचा. ६५ मिमी स्ट्रोकच्या शॉकवर ५५ मिमीची स्प्रिंग घातली, तर शॉक तळाला पोचायच्या आधीच स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांवर बसतात. पुढे जायला जागाच नाही. आवाज कोरडा, लोखंडावर लोखंड. वेटोळ्यांच्या आतल्या बाजूचा रंग उडून चकचकीत रेषा दिसली की समजा. अशा सायकलवर आणखी एकही उडी मारू नका. सगळा भार थेट शॉकच्या बॉडीवर, कॉलरवर (स्प्रिंग आवळणाऱ्या रिंगवर) आणि फ्रेमच्या माउंटवर जातो. सेकंडहँड स्प्रिंग घेताना लोक फक्त पहिला आकडा वाचतात, तिथे हे होतं. स्ट्रोक जास्त असलेली स्प्रिंग चालते, कमी असलेली कधीच नाही. आतला व्यास कंपनीगणिक वेगळा असतो, तेही बघायला हवं.

हे तिन्ही नाही, म्हणजे शॉक खरोखर तळाला जातोय. तिथेही दोन प्रकार आहेत, आणि कोकणात राइड करणाऱ्याला हा फरक कळायलाच हवा.

एक, एकच मोठा दणका: बांधावरून उडी, सपाटीवर लँडिंग, खणकन. दोन, पाखाडी. पहिल्या चार-पाच पायऱ्या लोण्यासारख्या जातात, मग सायकल मागून बसल्यासारखी होते, हँडल हलकं लागतं, आणि शेवटच्या पायऱ्यांवर दणके सुरू होतात. हा स्प्रिंगचा प्रश्न नाही. रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत वर यायचा वेग, फार हळू ठेवलेला आहे. एका पायरीवर दबलेला शॉक पुढची पायरी येईपर्यंत पूर्ण वर येत नाही, तिथून पुन्हा दबतो, आणखी खाली अडकतो. दहाव्या पायरीपर्यंत त्याच्याकडे प्रवासच उरत नाही. आपल्याकडच्या चिऱ्याच्या पायऱ्या म्हणजे सलग चौकोनी कडा, त्याही कमीजास्त अंतरावर, त्यामुळे ही चूक इथे लगेच उघडी पडते. मातीच्या गुळगुळीत ट्रेलवर तोच सेटिंग महिनोन्‌महिने चालून जातो.

उपाय फुकट आहे. रिबाउंडचा नॉब दोन क्लिक वेगवान करा, तीच पाखाडी त्याच वेगाने उतरा, पुन्हा एक क्लिक. मागचं चाक उसळून सीट बुडाला ढकलायला लागली की एक क्लिक मागे. (पाखाडी ही गावाची वाट आहे. डोक्यावर हंडा घेऊन कुणी चढत असेल तर उतरून सायकल हातात धरा.) आणि उलटंही लक्षात ठेवा: कडक स्प्रिंग घातली की रिबाउंड एक-दोन क्लिक हळू करावाच लागतो, कारण ती जास्त जोराने परत ढकलते. वर सांगितलेल्या ५५० वाल्याचं चाक वळणात निसटतं ते बहुधा यामुळेच.

स्प्रिंगचा आकडा कसा काढायचा

मित्राचा आकडा उचलू नका. त्याचं आणि तुमचं वजन सारखं असलं तरीही नाही. कारण हिशेबात दिसेल.

समजा सायकलचा मागचा प्रवास (चाक जास्तीत जास्त किती वर जाऊ शकतं ते) १५० मिमी आणि शॉकचा स्ट्रोक ५५ मिमी. भागाकार २.७३. हा सरासरी लीव्हरेज रेशो, म्हणजे शॉक एक मिमी दबतो तेव्हा चाक पावणेतीन मिमी वर जातं. हेल्मेट, पॅड, पाण्याची बॅग धरून तुमचं वजन ८० किलो, म्हणजे साधारण १७६ पौंड. उताराच्या पवित्र्यात उभं राहिल्यावर त्यातला ६० ते ६५ टक्के भार मागे येतो, १०९ पौंड धरू. गुणिले २.७३, शॉकवर आले २९८ पौंड. कॉइलला सॅग, म्हणजे नुसत्या तुमच्या वजनाने शॉक किती दबतो ते, ३० टक्के ठेवायचा, म्हणजे ५५ मिमीचे १६.५ मिमी, ०.६५ इंच. २९८ भागिले ०.६५ बरोबर ४५८. दुकानात ४५० मिळते, ती घ्या.

आता तोच माणूस १६० मिमी प्रवास आणि ६५ मिमी स्ट्रोकच्या सायकलवर बसवा. रेशो २.४६, सॅग १९.५ मिमी म्हणजे ०.७७ इंच. उत्तर ३५० च्या आसपास. माणूस तोच, बॅग तीच, आणि शंभर पौंडांचा फरक. व्हॉट्सॲपवर "मला ४५० मस्त चालते" हे वाक्य किती उपयोगाचं, ते यावरून ठरवा.

हिशेब फक्त सुरुवात करून देतो, शेवटचा शब्द टेपचा. शॉकच्या एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा, सायकलवर कुणी नसताना. २१० बाय ५५ चा शॉक असेल तर २१० मिमी भरेल. मग सगळा पसारा अंगावर चढवून पेडलवर उभे राहा, पडवीच्या खांबाला बोटं टेकवून तोल सांभाळा, दोनदा हलके झोके घ्या आणि स्थिर व्हा. दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायचं. १९३.५ आलं तर ३० टक्के झाले. सीटवर बसून मोजलेला सॅग वेगळा येतो, तो पकडू नका. २८ ते ३३ मध्ये काहीही आलं तरी स्प्रिंग बरोबर आहे. ३५ आलं तर ४५० गुणिले ३५ भागिले ३०, म्हणजे ५२५ पाहिजे.

सॅग बरोबर आहे आणि तरी दणका बसतोय, तर स्प्रिंगला हात लावू नका. का, ते आकड्यात बघा. ४५० ची स्प्रिंग ५५ मिमी पूर्ण दबते तेव्हा साधारण ९७५ पौंडांनी विरोध करते. ५०० ची १०८० च्या आसपास. म्हणजे शेवटाला १०० पौंडांची भर मिळाली, ११ टक्के. एक मीटरच्या उडीला एवढ्याने फार फरक पडत नाही. पण त्याच ११ टक्क्यांनी ती पहिल्या मिलिमीटरपासून कडक झाली, आणि सड्यावरची बारीक खडबड थेट पाठीत गेली. कॉइल ज्यासाठी घेतला तेच गमावलं.

प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी, कॉलर घट्ट करणं तर त्याहून वाईट. २ मिमी जास्त आवळलं तर शेवटाला मिळतात ३५ पौंड, आणि सुरुवातीला शॉक हलायलाच तयार नसतो. कॉलर स्प्रिंगला टेकल्यावर एक ते दोन फेऱ्या, बस. सॅग जुळवायला त्याहून जास्त लागतंय म्हणजे स्प्रिंगचा आकडा चुकलाय. उलट, सायकल उचलल्यावर स्प्रिंग हाताने फिरते किंवा खडखडते इतकी सैलही नको.

दोन आकड्यांच्या मधे अडकलात तर काही कंपन्या २५-२५ पौंडांच्या अंतराने स्प्रिंग बनवतात, फॉक्सची हलकी एसएलएस मालिका त्यातलीच. स्प्रिन्डेक्स नावाची एक स्प्रिंग येते, तिच्या टोकाचं प्लास्टिकचं चक्र फिरवून ताकद थोड्या मर्यादेत बदलता येते. वजन सणासुदीप्रमाणे बदलणाऱ्यांसाठी ती वाईट नाही. छापलेल्या आकड्यात पाचेक टक्के इकडेतिकडे असतात हेही मनात धरा, एका कंपनीची ४५० दुसरीच्या ४७५ सारखी वाटू शकते.

फ्रेम: खरेदीच्या आधी विचारायचा प्रश्न

एअर शॉकमध्ये हवा दाबत जावी तशी ती शेवटाकडे झपाट्याने कडक होते. त्यात प्लास्टिकचे स्पेसर टाकून हा कडकपणा वाढवताही येतो. कॉइल स्प्रिंग तशी नाही, पहिल्या इंचाला जेवढी वाढ तेवढीच शेवटच्या इंचाला. म्हणून शेवटचा कडकपणा फ्रेमच्या लिंकेजने द्यावा लागतो. लीव्हरेज रेशो सुरुवातीला ३.० आणि शेवटाला २.४ असेल तर फ्रेम २० टक्के प्रोग्रेसिव्ह झाली. एवढी किंवा याहून जास्त असेल तर कॉइल बिनधास्त. १५ च्या आसपास असेल तर शॉक बघून. १० च्या खाली असेल तर माझं मत सरळ आहे: कॉइल घेऊ नका. त्या फ्रेमवर चांगला, मोठ्या डब्याचा एअर शॉक घ्या, पैसेही वाचतील.

हा आकडा बऱ्याच कंपन्या आपल्या साइटवर आलेखात देतात. नसेल तर त्यांना सरळ लिहून विचारा की या फ्रेमवर कॉइलला परवानगी आहे का. उत्तर फक्त प्रोग्रेशनवर ठरत नाही. काही फ्रेममध्ये शॉक थेट लिंकला न जोडता लांब दुबेळक्याला, म्हणजे योकला जोडलेला असतो. तिथे शॉकवर आडवा भार येतो. एअर शॉकचा जाड डबा तो पेलतो, कॉइल शॉकचा बारीक दांडा पेलत नाही. आधी सील गळायला लागतं, मग दांड्याची एक बाजू घासून मंद दिसते, आणि शेवटी दांडा वाकतो किंवा तुटतो. स्प्रिंग कितीही अचूक निवडली तरी इथे उपयोग नाही.

फ्रेम बरोबर आहे पण तुम्ही उड्या मोठ्या मारता, तर शॉक निवडताना दोन गोष्टी शोधा. हाय-स्पीड कॉम्प्रेशनचा (शॉक झटक्यात दबतानाच्या विरोधाचा) वेगळा नॉब, आणि हायड्रॉलिक बॉटम-आउट. दुसऱ्यात प्रवासाच्या शेवटच्या हिश्श्यात तेलाचा रस्ता अरुंद होतो आणि शॉक तिथेच जड होतो, वरच्या मऊपणाला धक्का न लावता. रॉकशॉक्सच्या सुपर डीलक्स कॉइल अल्टिमेटच्या नव्या पिढीत हे बाहेरून कमीजास्त करता येतं, ईएक्सटीच्या स्टोरियातही हायड्रॉलिक बॉटम-आउट आहे. मार्झोकीचा बॉम्बर सीआर साधा, एक रिबाउंड आणि एक कॉम्प्रेशन, पण प्रोग्रेसिव्ह फ्रेमवर साध्या माणसाला पुरतो, आणि नॉब कमी म्हणजे बिघडवायला जागाही कमी. लो-स्पीड कॉम्प्रेशन आवळून दणका थांबवायला जाऊ नका. तो नॉब पेडलिंगच्या आणि ब्रेकच्या डोलण्यासाठी आहे. मधला मार्ग म्हणजे प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग, जिचे वेटोळे शेवटाकडे कडक होतात. एमआरपी आणि केन क्रीक त्या बनवतात. १५ टक्क्यांच्या फ्रेमला त्या उपयोगी पडतात, पण आतला व्यास जुळतो का ते आधी बघा.

आंबोली, कुंभार्ली किंवा आंबा घाट चढून जाणाऱ्यांनी क्लाइंब स्विच (चढावर शॉक कडक करणारी कळ) असलेलाच शॉक घ्यावा. डांबरावर तास-दीड तास डोलत चढायची हौस लवकर फिटते.

सेटिंग तपासायला सडा उत्तम, लांब, मोकळा आणि सारखा खडबडीत. रत्नागिरी-राजापूरकडे मात्र जागा बघून. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि गवत वाढल्यावर पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. त्या सड्यांवर सायकल नकोच.

काल बरोबर होता, आज दणका देतो

सेटिंग न बदलता वागणं बदललं तर आतलं काहीतरी गेलंय. शॉक दाबल्यावर खळखळ किंवा चुळचुळ आवाज येतो, पहिले काही झटके डँपिंगशिवाय जातात आणि मग जरा बरा होतो, तर तेलात हवा शिरली आहे किंवा गॅसचा दाब गेला आहे. दांड्यावर तेलाचं ओलसर वर्तुळ म्हणजे सील. दोन्ही कामं घरी करायची नाहीत, गॅस भरायला वेगळी साधनं लागतात.

घरी बघण्यासारखा भाग बंपर. दांड्यावर खालच्या टोकाला फेसाळ पॉलियुरेथेनची जाड कडी असते, शेवटचा दणका तीच झेलते. आपल्या दमट हवेत ती दोन-तीन पावसाळ्यांत ठिसूळ होते. नखाने दाबा. दाबून पुन्हा फुगली तर ठीक. नखाची खूण तशीच राहिली, किंवा पिवळट भुकटी बोटाला लागली, तर बदला. बंपर गेलेला शॉक सॅगमध्ये तंतोतंत बरोबर मोजतो, आणि तळाला मात्र धातूवर धातू आपटतो. एवढ्या लहान तुकड्यासाठी लोकांनी स्प्रिंगा मागवलेल्या मी पाहिल्या आहेत.

खारी हवा स्प्रिंगला धरते ती टोकांकडून. चाकाने उडवलेला खडा रंगाचा टवका काढतो, तिथे तांबूस ठिपका येतो, आणि तो रंगाखालून पसरतो. किनाऱ्यावरची राइड झाली की गोड्या पाण्याने, हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर सीलवर मारू नका. पुसून वाळू द्या, टवक्यांवर मेण किंवा पातळ तेलाचा हात फिरवा. गंज सोडवायचा फवारा दांड्यावर जाऊ देऊ नका, तिथे फक्त स्वच्छ मऊ फडकं. कॉलरच्या आट्यांना पावसाआधी ग्रीस लावा, नाहीतर ऑक्टोबरमध्ये ती जागची हलणार नाही. प्रत्येक दाबाला कर्रकर्र वाजत असेल तर बहुधा स्प्रिंग आपल्या बैठकीवर फिरताना घासतेय. बैठक पुसून नायलॉनचा वॉशर आणि किंचित ग्रीस, आवाज बंद. टायटॅनियमची स्प्रिंग गंजत नाही हे खरं, पण त्या किमतीत पोलादाच्या तीन-चार येतात.

खरेदी करताना मी ब्रँडपेक्षा सर्व्हिस कुठे होते हे आधी विचारतो. शॉक पुण्या-मुंबईला पाठवावा लागणार हे धरून चला, आणि ज्याचे सील आणि बुश तिथे हातात मिळतात तोच घ्या. पाठवायचा तो जूनमध्ये, पाखाड्यांवर शेवाळ धरलं की तसंही कुणी उतरत नाही. त्याआधी कॉलर सैल करून स्प्रिंग काढा, दोन्ही डोळ्यांतलं हार्डवेअर काढून पुडीत बांधून घरी ठेवा, आणि रिबाउंड-कॉम्प्रेशनचे क्लिक पूर्ण बंद स्थितीपासून मोजून कागदावर लिहा. शॉक परत येतो तेव्हा नॉब कुठेही फिरवलेले असतात.